मनोविकारनिदान व औषधनिवड

मनोविकाराचे नाव निश्चित करणे आणि त्या नावावरून औषध ठरविणे या दोन क्रियांच्या परस्परसंबंधाचा इतिहास. शरीराच्या बहुतेक रोगांत रोगाचे कारण वा त्याची मोजता येणारी खूण शोधून त्यावर औषध योजिले जाते. हिवतापाचा परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. मधुमेहात रक्तातील साखर मोजता येते. मेंदूच्या दृश्य इजेमुळे उद्‌भवणारे विकार सोडल्यास प्रमुख मनोविकारांसाठी अशी कसोटी उपलब्ध नाही. रुग्णाचे बोलणे व वागणे, आप्तांनी सांगितलेली हकीकत आणि विकाराचा कालक्रम यांवरूनच निदान करावे लागते. त्यामुळे या क्षेत्रात पुष्कळदा उलटा क्रम घडून आला. औषधे अन्य हेतूने किंवा योगायोगाने हाती आली आणि ती कोणत्या रुग्णांना लागू पडतात हे पाहता पाहता निदानाच्या सीमारेषा पुन्हा आखल्या गेल्या. लिथियम या धातूच्या लवणांचा इतिहास हे याचे सर्वांत बोलके उदाहरण असल्याने प्रस्तुत नोंदीत त्याचा विस्ताराने परामर्श घेतला आहे.

पूर्वपीठिका : चरकसंहितेत उन्मादाचे वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक व आगंतू असे पाच प्रकार मानले असून त्यांची लक्षणे व चिकित्सा निरनिराळी सांगितली आहे. ग्रीक वैद्यकातही विषादाचा संबंध काळ्या पित्ताच्या आधिक्याशी जोडलेला होता. निदानावरून औषध ठरावे ही अपेक्षा अशा रीतीने फार जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात यूरोपात मोठी मनोरुग्णालये उभी राहिली आणि शेकडो रुग्णांचे वर्षानुवर्षे निरीक्षण करणे प्रथमच शक्य झाले. १८२२ मध्ये आंत्वान बेल या फ्रेंच वैद्याने बुद्धिभ्रंश व पक्षाघात एकत्र आढळणाऱ्या एका विकाराचा संबंध मेंदूच्या आवरणांच्या दाहाशी जोडला. १९१३ मध्ये अशा रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू सापडले आणि पुढे पेनिसिलिनने तो विकार आटोक्यात आला. कारण सापडताच हा विकार मानसचिकित्सकाच्या हातून निसटून सामान्य वैद्यकाकडे गेला, ही गोष्ट लक्षणीय आहे. उरलेल्या विकारांचीही कारणे अशीच सापडतील, ही आशा नंतरच्या अनेक पिढ्यांनी बाळगली.

क्रेपेलीनची विभागणी : १८५४ मध्ये झां-पिएर फाल्रे व झ्यूल बायार्झे या फ्रेंच मानसचिकित्सकांनी जवळजवळ एकाच वेळी असे दाखवून दिले, की उद्दीपन व अवसाद हे एकाच विकाराचे आळीपाळीने येणारे दोन टप्पे असू शकतात. हे सूत्र जर्मनीतील एमील क्रेपेलीन (१८५६–१९२६) यांनी पुढे नेले. प्रत्येक रुग्णाची माहिती ते एका पत्रिकेवर टिपून ठेवीत आणि रुग्णालयातून गेल्यानंतर त्याचे काय झाले याची नोंदही शक्य तेथे तिच्यात करीत. एका भेटीत दिसणारी लक्षणे फसवी असतात, विकाराचा पुढील प्रवास हीच त्याची खरी ओळख होय, असा त्यांचा दृष्टिकोन होता. आपल्या पाठ्यपुस्तकाच्या १८९९ मधील सहाव्या आवृत्तीत त्यांनी चित्तविकृतींची दोन मोठ्या गटांत विभागणी केली. एका गटात ऐन तारुण्यात सुरू होऊन व्यक्तिमत्त्वाचा उत्तरोत्तर ऱ्हास घडविणारा विकार होता. त्याला १९०८ मध्ये ऑइगेन ब्लॉइलर (१८५७–१९३९) यांनी ‘स्किझोफ्रेनिया’ म्हणजे छिन्नमानस हे नाव सुचविले. दुसऱ्या गटात झटक्याझटक्याने येणारी आणि मधल्या काळात रुग्णाला बहुधा पूर्ववत करणारी उद्दीपन-अवसाद चित्तविकृती होती.

या विभागणीला त्या काळी चिकित्सेच्या दृष्टीने फारसा अर्थ नव्हता. ब्रोमाइड, क्लोरल हायड्रेट, पॅराल्डिहाइड व १९०३ नंतर बार्बिट्युरेटे ही हाती असलेली औषधे केवळ झोप आणणारी होती व ती सर्वांनाच दिली जात. १९३३ मधील इन्शुलिन-मूर्च्छा व १९३८ मधील विद्युत् आघात या पद्धतीही प्रारंभी निदानाचा फारसा विधिनिषेध न बाळगता वापरण्यात आल्या. निदान बदलले तरी गोळी बदलत नव्हती. बदलत होते ते रुग्णाच्या आप्तांना दिले जाणारे उत्तर. क्रेपेलीन यांनाही आपल्या रेषेची पूर्ण खात्री उरली नव्हती. काही रुग्ण दोन्ही गटांची लक्षणे दाखवितात व त्यांत समाधानकारक भेद करता येत नाही, हे त्यांनी १९२० मधील एका लेखात मान्य केले. तो लेख त्यांच्या पाठ्यपुस्तकाच्या मानाने अगदीच कमी वाचला गेला असावा.

लिथियमचा पूर्वेतिहास : योहान ऑगस्ट आर्फव्हेडसन या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १८१७ मध्ये पेटॅलाइट या खनिजात लिथियम हे मूलद्रव्य शोधून काढले. त्याचे यूरिक अम्लाशी होणारे लवण पाण्यात सहज विरघळते, म्हणून १८५९ मध्ये ॲल्फ्रेड गॅरड या इंग्रज वैद्याने संधिवाताच्या एका प्रकारावर, गाउटवर, ते सुचविले. न्यूयॉर्कमधील विल्यम हॅमंड यांनी १८७१ मध्ये उद्दीपनावर, तर कोपनहेगनच्या कार्ल लांगे यांनी १८८६ मध्ये वारंवार येणाऱ्या अवसादावर लिथियम वापरले. परंतु ही माहिती पुढे विस्मृतीत गेली. लिथियमयुक्त झऱ्यांचे पाणी मात्र आरोग्यदायी म्हणून खपत राहिले. १९२९ मध्ये अमेरिकेत निघालेल्या व पुढे ‘सेव्हन-अप’ म्हणून प्रसिद्ध पावलेल्या पेयातही आरंभी लिथियमचे लवण असे. १९४० नंतर हृद्‌रोग्यांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड देण्याची प्रथा तेथे सुरू झाली व तीतून विषबाधेने मृत्यू घडले. वृक्कांना सोडियम व लिथियम यांत फारसा भेद करता येत नाही. अन्नातील मीठ तोडले, की वृक्के सोडियमबरोबर लिथियमही धरून ठेवतात आणि रक्तातील त्याचे प्रमाण चढत जाते. १९४९ च्या प्रारंभी अमेरिकेत या पर्यायी मिठावर बंदी आली.

केड यांचा प्रयोग : त्याच वर्षी ३ सप्टेंबर रोजी ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय नियतकालिकात जॉन केड (१९१२–८०) यांचा लहानसा लेख प्रसिद्ध झाला. दुसऱ्या महायुद्धात सुमारे साडेतीन वर्षे जपान्यांच्या कैदेत काढून परतलेले केड मेलबर्नजवळच्या बंडूरा येथील मनोरुग्णालयात काम करीत होते. अवटू ग्रंथीच्या अतिस्रावाने माणूस चंचल होतो व अल्पस्रावाने मंद होतो; त्याप्रमाणे उद्दीपन हाही शरीरातील एखाद्या द्रव्याच्या आधिक्याचा परिणाम असावा, असा त्यांचा तर्क होता. ते द्रव्य मूत्रात सापडेल या अपेक्षेने त्यांनी रुग्णांचे मूत्र गिनीपिगांना टोचले. मूत्रातील यूरिक अम्लाचा परिणाम अजमावण्यासाठी त्याचे विरघळणारे लवण हवे होते, म्हणून त्यांनी लिथियम यूरेट घेतले. प्राणी अनपेक्षितपणे शांत झाले. पुढे लिथियम कार्बोनेटानेही तेच घडले, तेव्हा श्रेय यूरिक अम्लाचे नसून लिथियमचे आहे हे त्यांच्या ध्यानात आले. गिनीपिगांची ती शांतता विषबाधेची मंदता असावी, अशी शंका पुढील संशोधकांनी घेतली आहे. मूळ तर्क चुकीचा, प्रयोगाचा अर्थही कदाचित चुकीचा, आणि निष्कर्ष मात्र बरोबर, असा हा विलक्षण प्रकार आहे.

स्वतःवर मात्रा अजमावून केड यांनी दहा उद्दीपनाच्या, सहा छिन्नमानसाच्या व तीन अवसादाच्या रुग्णांना लिथियम दिले. पहिला रुग्ण एक्कावन्न वर्षांचा असून सुमारे पाच वर्षे सतत उद्दीपित अवस्थेत होता. मार्च १९४८ मध्ये सुरू झालेल्या उपचारांनंतर जुलैमध्ये तो घरी गेला व आपल्या जुन्या कामावर रुजू झाला. उद्दीपनाचे सर्व रुग्ण सुधारले. छिन्नमानसाच्या रुग्णांपैकी काहींची खळबळ शमली, पण मूळ विकारात फरक पडला नाही. अवसादाच्या रुग्णांत बदल दिसला नाही. एकोणीस रुग्णांवरून सिद्धांत उभारता येत नाही, हे खरे. तथापि क्रेपेलीन यांनी केवळ निरीक्षणाने आखलेली रेषा एका साध्या लवणाने जणू ओळखली होती. त्यानंतरची हकीकत मात्र दुःखद आहे. त्या पहिल्या रुग्णाने घरी औषध सोडले, विकार उलटला, त्याला पुन्हा दाखल करून लिथियम सुरू करण्यात आले आणि १९५० मध्ये लिथियमच्याच विषबाधेने तो मरण पावला. केड यांनी पुढे काही काळ हे औषध वापरणे थांबविले.

औषध वाचले ते मोजमापामुळे. लिथियमने ज्योतीला किरमिजी रंग येतो. त्या प्रकाशाची तीव्रता मोजून रक्तातील त्याचे प्रमाण ठरविता येते. मेलबर्न विद्यापीठातील एडवर्ड ट्राउटनर व त्यांचे सहकारी चार्ल्स नोआक यांनी १९५१ मध्ये शंभराहून अधिक रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला आणि अशा मापनावर भर दिला. दीर्घकालीन चिकित्सेत हे प्रमाण सर्वसाधारणपणे लिटरमागे ०·६ ते १·० मिलिमोल ठेवतात. १·५ च्या पुढे विषबाधेचा धोका स्पष्ट असतो. उपयुक्त व घातक मात्रांत इतके थोडे अंतर असलेली औषधे मोजकीच आहेत. अतिसार, उन्हाळ्यातील अति घाम, अळणी उपवास, मूत्रल औषधे व काही वेदनाशामके यांमुळेही हे अंतर ओलांडले जाऊ शकते. दीर्घकाळ लिथियम घेणाऱ्यांत अवटू ग्रंथी व वृक्के यांच्या कार्याची वेळोवेळी तपासणी करावी लागते ती वेगळीच.

दरम्यान अन्य औषधे झपाट्याने पुढे आली. १९५० च्या अखेरीस फ्रान्समध्ये तयार झालेले क्लोरप्रोमाझीन शस्त्रक्रियेच्या वेळी उपयोगी पडावे या हेतूने तपासले जात होते. १९५२ मध्ये पॅरिसच्या संत-आन रुग्णालयात झां दले व पिएर दनिके यांनी ते मनोरुग्णांना देऊन त्याचे नवे क्षेत्र दाखविले. स्वित्झर्लंडमधील रोलंड कून यांनी छिन्नमानसावर निरुपयोगी ठरलेले इमिप्रामीन अवसादावर गुणकारी असल्याचे १९५७ मध्ये जाहीर केले. क्षयरोगावरील इप्रोनियाझिडाने रुग्णांच्या वृत्ती उल्हसित होतात, असेही याच सुमारास आढळले. भारतीय वैद्यकाचा यातील वाटा सर्पगंधेचा होय. कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये या मुळीचा उपयोग उच्च रक्तदाब व उन्माद या दोहोंवर वर्णिला होता. मुंबईचे रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरील तिचे गुण ब्रिटिश नियतकालिकात मांडल्यानंतर पाश्चात्त्यांचे तिच्याकडे लक्ष वेधले. तिच्यातील रेसर्पीन हे द्रव्य १९५२ मध्ये वेगळे करण्यात आले व १९५४ पासून अमेरिकेत ते मनोरुग्णांना दिले जाऊ लागले. रक्तदाबासाठी रेसर्पीन घेणाऱ्या काही रुग्णांना अवसाद आल्याच्या नोंदींवरूनच अवसादाच्या रासायनिक उपपत्तीला चालना मिळाली [→ सर्पगंधा].

प्रतिबंधाचा वाद : लिथियमवर पेटंट मिळण्याजोगे काही नसल्याने औषध कंपन्यांना त्यात रस नव्हता. ते टिकवून धरले डेन्मार्कने. आर्हूसनजीकच्या रिस्कोव्ह येथील मोगेन्स स्काऊ (१९१८–२००५) यांनी १९५४ मध्ये उद्दीपनावरील त्याची चाचणी प्रसिद्ध केली. तीत काही रुग्णांना औषध द्यावयाचे की निष्क्रिय गोळी हे नाणे उडवून ठरविले होते. पुढे पॉल क्रिस्टियान बोस्ट्रुप यांना असे आढळले, की लिथियम चालू ठेवलेल्या रुग्णांना नवे झटके फारसे येत नाहीत. दोघांनी मिळून १९६७ मध्ये ८८ रुग्णांचा वृत्तांत मांडला. लंडनमधील बॅरी ब्लॅकवेल व मायकेल शेपर्ड यांनी दुसऱ्याच वर्षी त्यावर कठोर टीका केली. हा विकार स्वभावतःच थांबत थांबत येतो. तेव्हा तुलनेसाठी दुसरा गट नसताना झटके औषधानेच टळले असे कशावरून म्हणावे, असा त्यांचा सवाल होता.

शास्त्रदृष्ट्या आक्षेप रास्त होता, परंतु त्याचे उत्तर देण्यासाठी बरे असलेल्या रुग्णांचे औषध तोडणे भाग होते. स्काऊ यांच्या सख्ख्या भावाला वर्षानुवर्षे अवसादाचे झटके येत असत व लिथियमने ते थांबले होते. अशा माणसाला निष्क्रिय गोळी देऊन पाहण्याचा प्रयोग किती अवघड वाटला असेल, हे सांगावयास नको. अखेर ८४ रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांच्या आसपास रुग्णांचे लिथियम काढून त्यांना तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या देण्यात आल्या व कोणाला काय मिळते हे रुग्णांना वा त्यांच्या चिकित्सकांना सांगितले नाही. विकार उलटताच त्या रुग्णापुरता प्रयोग थांबवावयाचा, असे ठरले होते. पाच महिन्यांत लिथियम चालू असलेल्यांपैकी एकाचाही विकार उलटला नाही. दुसऱ्या गटातील निम्म्याहून अधिकांचा उलटला. हे निष्कर्ष १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी अमेरिकेत उद्दीपनासाठी लिथियमला मान्यता मिळाली.

न्यूयॉर्क व लंडन : आता निदानाला खरी किंमत आली. उद्दीपन-अवसाद चित्तविकृती असे निदान झाले तर लिथियम मिळणार. छिन्नमानस असे झाले तर क्लोरप्रोमाझीन किंवा त्याच्या वर्गातील औषध. या दुसऱ्या वर्गातील औषधे दीर्घकाळ घेतल्यास तोंड व जीभ यांच्या अनैच्छिक हालचाली उद्‌भवतात व त्या कधीकधी कायमच्या राहतात. अर्थात चुकीच्या नावाची किंमत रुग्णाला शरीराने मोजावी लागे. नेमक्या याच सुमारास ही नावे किती सैल आहेत, हे उघडकीस आले. छिन्नमानसाचे निदान अमेरिकन रुग्णालयांत इंग्लंडपेक्षा पुष्कळच अधिक, तर उद्दीपन-अवसादाचे निदान फारच कमी होते, असे १९६० च्या सुमारास आकडेवारीवरून दिसून आले होते. रुग्ण भिन्न की वैद्य भिन्न, हे ठरविण्यासाठी दोन्ही देशांच्या संशोधकांनी ब्रुकलिन व लंडनजवळील नेदर्न येथील रुग्णालयांत ओळीने दाखल झालेले प्रत्येकी २५० रुग्ण एकाच ठराविक मुलाखतपद्धतीने तपासले. निदानाचे समान नियम लावताच दोन्ही ठिकाणच्या रुग्णांतील फरक बव्हंशी नाहीसा झाला.

याच प्रकल्पात काही रुग्णांच्या मुलाखती चित्रित करून दोन्ही देशांच्या मानसचिकित्सकांना दाखविण्यात आल्या. ठळक लक्षणे असलेल्या रुग्णांविषयी मतभेद थोडे होते. एका तरुणाच्या बाबतीत मात्र अमेरिकनांपैकी ६९ टक्क्यांनी छिन्नमानस असे निदान केले, तर ब्रिटिशांपैकी केवळ २ टक्क्यांनी. १९७१–७२ मध्ये हे सारे प्रसिद्ध झाले. अमेरिकेत मनोविश्लेषणाचा पगडा असल्याने नावापेक्षा रुग्णाच्या अंतर्गत संघर्षाला महत्त्व दिले जाई आणि ब्लॉइलर यांची व्यापक व्याख्या तेथे अधिकच सैल झाली होती, हे याचे नेहमी दिले जाणारे कारण होय. त्यात आणखी एका कारणाची भर घालावीशी वाटते. क्लोरप्रोमाझीन कोणत्याही खळबळीला शांत करते. ते एकच औषध हाताशी असेपर्यंत अमेरिकन वैद्याला भेद करण्याची निकडच नव्हती. लिथियमने ती निर्माण केली.

जागतिक आरोग्य संघटनेने आग्रा, आर्हूस, काली, इबादान, लंडन, मॉस्को, प्राग, तैपेई व वॉशिंग्टन या नऊ केंद्रांत केलेल्या छिन्नमानसाच्या अभ्यासातही (अहवाल १९७३) वॉशिंग्टन व मॉस्को येथील संकल्पना इतरांहून व्यापक असल्याचे दिसले. आग्र्याचे निदान मुख्य प्रवाहाशी जुळणारे होते, ही भारतीय मानसचिकित्सेच्या दृष्टीने नोंद घेण्याजोगी बाब आहे. मॉस्कोतील व्यापक व्याख्येचा एक परिणाम वैद्यकाबाहेर गेला. ‘मंदगती छिन्नमानस’ या नावाखाली राजकीय विरोधकांना रुग्णालयात कोंडून सक्तीने औषधे दिली गेली. त्यावरील टीकेमुळे १९८३ मध्ये सोव्हिएट संघटना जागतिक मानसचिकित्सा संघटनेतून बाहेर पडली.

नियमबद्ध निदान : १९७२ मध्ये अमेरिकेतील सेंट लुइस येथील संशोधकांनी चौदा-पंधरा विकारांसाठी लक्षणांची संख्या व कालावधी यांचे नियम प्रसिद्ध केले. त्याच धर्तीवर रॉबर्ट स्पिट्झर (१९३२–२०१५) यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकन मानसचिकित्सा संघटनेच्या निदानपुस्तिकेची तिसरी आवृत्ती १९८० मध्ये निघाली. तीत छिन्नमानसाची व्याख्या आखडती घेऊन किमान सहा महिन्यांच्या कालावधीची अट घातली गेली, आणि कार्ल लेओनहार्ट यांनी १९५७ मध्ये पुरस्कारिलेली व १९६६ मध्ये जूल्स आंग्स्ट व कार्लो पेरिस यांनी स्वतंत्र कौटुंबिक अभ्यासांनी बळकट केलेली ‘द्विध्रुवी’ ही संज्ञा स्वीकारण्यात आली. औषधाने निदान घडविल्याचे दुसरे ठळक उदाहरण याच पुस्तिकेत सापडते. १९६० च्या सुमारास न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयात डॉनल्ड क्लाइन (१९२८–२०१९) यांनी काही भयग्रस्त रुग्णांना इमिप्रामीन दिले. आपण मरत आहोत असे ओरडत परिचारिकांकडे दिवसातून अनेकदा धाव घेणारे हे रुग्ण काही आठवड्यांनी धावेनासे झाले. त्यांची एरवीची धास्ती मात्र तशीच राहिली. एकाच औषधाने भीतीचे हे दोन प्रकार वेगळे करून दाखविल्यामुळे अकस्मात येणाऱ्या भयाच्या झटक्यांना स्वतंत्र विकाराचे स्थान मिळाले.

या युक्तिवादाला मर्यादा आहेत. ॲस्पिरिनाने ताप उतरतो म्हणून सर्व ताप एक ठरत नाहीत. अवसादरोधी म्हणून आलेली औषधे पुढे चिंता व कल्पनाक्रियानिग्रह या विकारांवरही उपयोगी पडली. छिन्नमानसासाठी काढलेली नवी औषधे उद्दीपनावर सर्रास दिली जाऊ लागली. औषधांच्या वर्गांना विकारांची नावे देणे त्यामुळे दिशाभूल करणारे ठरले. कृतीवरून नावे द्यावीत असा प्रस्ताव २०१४ मध्ये पुढे आला, पण औषधांच्या दुकानात व रुग्णांच्या बोलण्यात जुनीच नावे टिकून राहिली. आनुवंशिकीच्या अभ्यासांतही छिन्नमानस व द्विध्रुवी विकृती यांत बराच समान वारसा आढळला. क्रेपेलीन यांच्या १९२० मधील शंकेला त्यामुळे नव्याने वजन आले आहे. तरीही चिकित्सकाला ही रेषा पुसून टाकता आलेली नाही. प्रथम अवसादासाठी आलेल्या रुग्णाच्या पूर्वायुष्यात उद्दीपनाचा झटका येऊन गेला असेल, तर केवळ अवसादरोधी औषधाने तो पुन्हा उद्दीपित होण्याचा संभव असतो. म्हणून झोप न घेता उत्साहात काढलेले दिवस, अवाच्या सवा खर्च, घरात कोणाला असे होत असे काय, हे प्रश्न आप्तांनाही विचारावे लागतात. अशी पूर्वकथा निघाल्यास लिथियमचा विचार प्राधान्याने होतो. मात्र रक्ततपासणीची नियमित सोय जेथे नाही, तेथे ते योग्य असूनही देणे कठीण जाते आणि व्हॅल्प्रोएटासारखे दुसरे औषध निवडावे लागते. गर्भाला अपाय होण्याच्या संभवामुळे तरुण स्त्रियांच्या बाबतीत तेही टाळणे इष्ट असते.

भारतात १९१२ च्या कायद्याची जागा १९८७ च्या व तिची २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने घेतली. मनोविकाराचा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणासह मान्य वैद्यकीय मानकांनुसारच करावा, राजकीय, आर्थिक वा सामाजिक स्थान, जात, धर्म किंवा समाजाच्या रूढ नीतिकल्पनांशी न जुळणे यांवरून तो करू नये, असे या अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात नमूद केले आहे. पूर्वी कधी उपचार घेतले होते वा रुग्णालयात दाखल होता, एवढ्यावरून कोणालाही आज मनोरुग्ण ठरविता येणार नाही, अशी तरतूदही त्याच कलमात आहे.